पोट्टीने पोट्ट्याचे कपडे घातले म्हणून पुस्तकच वाईट का?

संपादक साहेब, नमस्कार.

पेपरला पत्र मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहून राहिली आहे, त्यामुळे काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. गेल्या आठवड्यात तुमच्या ह्याच सदरात एका काकांचं पत्र आलं होतं, की आजकाल मुलांच्या हातात जादूटोण्याची इंग्रजी पुस्तकं पडून राहिली, त्यात मुली केस कापून मुलगे बनतात, घरच्यांना फसवून निघून जातात, आणि असल्या पुस्तकांवर शाळांनी बंदी घातली पाहिजे. ते वाचलं आणि दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. कारण असंच एक पुस्तक ह्या उन्हाळ्यात दीड महिना माझ्या मशीनच्या बाजूला होतं, मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं आहे, आणि त्याच पुस्तकापायी माझ्या मुलीला शाळेत गप्प बसवलं गेलं. म्हणून लिहायला बसली.

मी नंदनवनला राहते, शिवणकाम करते. ब्लाउज, ड्रेस असतातच, पण माझं मेन काम म्हणजे शाळेचे युनिफॉर्म. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तिकडे मुंबई-पुण्याची पोरं वर्गात जाऊन बसली असतात तेव्हा आपली पोरं कूलरपुढे लोळत असतात आणि माझ्यासारख्या बायका रात्री एक-दीडपर्यंत कॉलर बसवत असतात. मे-जून मी घरात असून नसल्यासारखी असते. मुलगी आता नववीत गेली. तिला सीताबर्डीच्या बाजारात जुन्या पुस्तकांत हे पुस्तक सापडलं, ६० रुपयाला, कव्हरचा कोपरा फाटलेला, पहिल्या पानावर कोणाचं तरी नाव पेनाने खोडलेलं. 'अलाना' नाव आहे, लिहिणारी बाई अमेरिकेची, टॅमोरा पिअर्स. पहिला भाग १९८३ मध्ये आला आणि १९८८ पर्यंत चार भाग झाले, म्हणजे काकांना वाटते तसं हे आजकालचं खूळ नाही, ४० वर्षांच्या वर झालेत त्याला.

मी मराठी शाळेत शिकली, इंग्रजी गोष्टीचं पुस्तक मला वाचता येत नाही. म्हणून आमचं असं ठरलं की रात्री जेवणं झाली की ती पलंगावर पाय दुमडून बसणार, आधी दहा-बारा पानं मनात वाचणार आणि मग मला मराठीत सांगणार, आणि तोवर मी काजं करणार, कारण मशीन चालू असली की तिचा आवाज ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी मी आपलं पोरीचं मन राखायला हो म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी मीच विचारून राहिली होती, पुढे काय झालं सांग ना बाप्पा.

गोष्ट अशी आहे. टॉर्टॉल नावाचं एक राज्य, तिथे जुळे भाऊबहीण, थॉम आणि अलाना. आई त्यांच्या जन्माच्या वेळीच गेली, बाप पुस्तकात डोकं घालून बसलेला, पोरं जेवली का झोपली का त्याला पत्ता नाही. तिथला रिवाज असा की मोठ्या घरचा मुलगा राजवाड्यात जाऊन तलवार आणि घोडा शिकणार आणि मुलगी मठात जाऊन रीतभात शिकणार. आता थॉमला तलवारीचं काही नाही, त्याला जादू शिकायची आहे, आणि अलाना घोड्यावरून उतरायला तयार नाही. मग थॉम बापाच्या नावाने खोटी पत्रं लिहितो आणि दोघं जागा बदलतात, तो मठाकडे जातो, ती केस कापून ॲलन नावाने राजवाड्यात जाते. सोबत असतो घरचा जुना नोकर कोरम, त्याला वाटेत कळतं आणि तो आधी परतच फिरायला निघतो. राजवाड्यात ती मुलगा म्हणून वाढते, आधी वाढपाची आणि निरोप पोचवायची कामं, मग चौदाव्या वर्षापासून एका सरदाराच्या हाताखाली, आणि अठराव्या वर्षी परीक्षा देऊन स्वतः सरदार. तिच्या अंगात बरं करायची जादूपण असते आणि त्या जादूची तिला स्वतःलाच भीती वाटत असते. शहरात घाम येऊन माणसं मरायची साथ येते, ज्यांना जादूने बरं करता येतं तेच थकून थकून पडायला लागतात, राजाचा मुलगा जॉनथन मरायला टेकतो, तेव्हा ह्या पोरीला ती भीती बाजूला ठेवावी लागते. हे सांगताना माझ्या मुलीचा आवाज बसला होता. कोरोनात आमच्या गल्लीतल्या एक सिस्टर गेल्या, ड्युटी करता करता, तेव्हा ती लहान होती पण तिला सगळं आठवते.

आता मी शिवणारी बाई, त्यामुळे माझं डोकं दुसरीकडेच चालून राहिलं होतं. मी तिला म्हटलं, कपडे बदलले म्हणून कोणी मुलगा नाही दिसत, कपडे शिवणारा ओळखते. मुलांच्या शर्टाची बटणं उजव्या बाजूला असतात आणि काजं डाव्या, मुलींच्या उलटं. मुंढा वेगळा कापावा लागतो, खांदा वेगळा पडतो, छातीला टक्स येतात. तिला पेपरवर कटिंग करूनच दाखवलं, तुमचाच पेपर होता साहेब. मग ती म्हणाली, आई, पण खिसा? मी म्हटलं खिशाचं काय. ती म्हणाली, मुलांच्या पँटला किती खिसे टाकतेस तू? तीन, आणि शर्टाला एक. आणि आमच्या पिनाफोरला? एकही नाही. बावीस वर्षं मी हे काम करून राहिली आहे, शाळेकडून जसं सॅम्पल येते तसं मी शिवते, आणि मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. रुमाल कुठे ठेवतात ह्या पोरी, पाच रुपये कुठे ठेवतात, पाळीच्या दिवसांत पॅड कसं नेतात बाथरूमपर्यंत, अख्खी बॅग घेऊन? त्या दिवसापासून ज्या मुलीने मागितला तिच्या पिनाफोरच्या बाजूच्या शिलाईत मी आतून खिसा टाकून देते. वरून दिसत नाही. पैसे घेत नाही त्याचे. ह्या सीझनला ३४ खिसे टाकले.

हे पुस्तकातलं नाही, पण पुस्तक ऐकल्यामुळे झालं.

आणि मला माझी एक गोष्ट आठवली जी मी मुलीला कधी सांगतली नव्हती. मी नऊ वर्षांची असेन. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबतीची मिरवणूक निघते आणि संध्याकाळी तान्हा पोळा असतो, लाकडाचे नंदी घेऊन पोरं सजूनधजून निघतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळते. नागपूरच्या दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी लहान पोरांसाठी सुरू केलेला सण म्हणतात हा. आता मुलीपण तेवढ्याच थाटात येतात, पण तेव्हा आमच्या मोहल्ल्यात नंदी म्हणजे मुलाचाच, मुली बाजूला उभ्या राहून पाहणार. त्या वर्षी माझ्या मोठ्या भावाला ताप आला. नंदी सजवून तयार, शिंगांना बेगड लावलेली, गळ्यात घुंगराची माळ, आणि तो पांघरुणात पडलेला. मी त्याचं धोतर नेसली, सदरा घातला, टोपीत वेण्या कोंबल्या आणि नंदीची दोरी धरून निघाली. चार घरं फिरली. चालताना मला आठवते की मी पाय फाकवून टाकत होती, मान वर होती, आणि कोणी म्हणत नव्हतं नीट चाल, हळू बोल, ओढणी घे. पाचव्या घरच्या काकूंनी माझ्या हातावर पैसे ठेवले आणि हाताकडे पाहिलं, माझ्या हातावर आदल्या दिवशीची मेंदी होती. काहून वं, तू तर पोट्टी आहेस, असं त्या मोठ्याने म्हणाल्या आणि बाकीची पोरं हसली. मी नंदी तिथेच सोडून घरी पळाली. बोजारा मात्र मुठीत होता. भावाने दुसऱ्या दिवशी जाऊन नंदी आणला आणि मला कोणी रागावलं नाही, पण पुढच्या वर्षी मी गेली नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षीपण नाही.

काका म्हणतात ही फसवाफसवी आहे. मी त्यांना विचारते, नऊ वर्षांची मी कोणाला फसवत होती? मला नंदी घेऊन फिरायचं होतं. त्यासाठी टोपी लागत होती म्हणून टोपी घातली.

पुस्तकात अलानाला ही टोपी आठ वर्षं काढता येत नाही हो. ती बाकीच्या पोरांसोबत पोहायला जात नाही, अंगावर कापडाची पट्टी आवळून बांधते, कितीही उकडलं तरी सैल करायची सोय नाही. आपल्या नागपूरच्या ४५ डिग्रीत विचार करा. म्हणजे लेखिकेने असं नाही दाखवलं की मुलगा बनली आणि मजा झाली. तिला रॅलन नावाचा एक दांडगा पोरगा त्रास देते, मारते, ती लहानखुरी असते. ती कोणाकडे तक्रार करत नाही, राजवाड्याच्या बाहेर जॉर्ज कूपर म्हणून चोरांचा राजा असते त्याच्याकडून लपून कुस्ती-मुक्केबाजी शिकते आणि एक दिवस रॅलनला सरळ करते. आता कुठल्याही पिक्चरमध्ये इथे शिट्ट्या वाजल्या असत्या. पण पुस्तकात ती जिंकते आणि नंतर तिच्या मनात येते की तरीपण मी मुलगीच आहे, मुलगा असल्याचं सोंग करणारी, आणि ह्यातल्या सगळ्यात ढ पोराइतकी तरी मी चांगली आहे हा विश्वास मला कधी येईल की नाही. हे माझ्या मुलीने सांगतलं आणि थांबली. मीपण सुई थांबवली. चौदा वर्षांच्या पोरीला हे वाक्य समजून राहिलं होतं ह्याचं मला वाईट वाटलं आणि कोणीतरी तिच्यासाठी ते लिहून ठेवलं ह्याचं बरंपण वाटलं.

आता शाळेचं सांगते. जुलैमध्ये मुलीच्या शाळेत पुस्तक-परिचय होता, प्रत्येकाने पाच मिनिटं एका आवडत्या पुस्तकावर बोलायचं. तिने अलाना निवडलं, मराठीत दोन पानं लिहिली, मला वाचून दाखवली. त्यात तिने एक प्रसंग लिहिला होता. ॲलन म्हणून राहणारी अलाना एका सकाळी उठते तर चादरीला रक्त. तिला आई नाही, राजवाड्यात तिच्या जवळचं कोणी बाईमाणूस नाही, तिला वाटते की आपल्याला काहीतरी भयंकर रोग झाला, आपण मरणार. ती पळत शहरात जॉर्जकडे जाते, की मला एखादी वैद्यबाई दाखव, पुरुष नको. म्हणजे इतकी वर्षं जपलेलं गुपित तिला त्या भीतीपायी सांगून टाकावं लागते. जॉर्ज तिला आपल्या आईकडे नेते, ती औषधपाणी करणारी असते. ती बाई तिला जवळ घेऊन नीट समजावून सांगते की बेटा हे सगळ्या बायकांना होते, ह्याला पाळी म्हणतात, दर महिन्याला येते, तू ठणठणीत आहेस. बस, एवढंच. काही घाण नाही, काही चावट नाही. एक आई एका आई नसलेल्या पोरीला जे सांगायचं ते सांगते.

मॅडमनी ती दोन पानं आधी तपासायला घेतली होती. परत आली तेव्हा ह्या प्रसंगावर लाल पेनाने आडवी रेघ होती आणि खाली लिहिलं होतं, विषय बदल, थोरांचं चरित्र निवड. मुलीने विषय बदलला नाही आणि बोललीपण नाही. पानं घडी करून कंपासपेटीत ठेवली, अजूनही तिथेच आहेत, मी पाहिली. मी युनिफॉर्मचा गठ्ठा द्यायला शाळेत गेली तेव्हा मॅडमना विचारलं. त्या रागावल्या नाहीत, उलट समजुतीने बोलल्या, की ताई तुमची मुलगी हुशार आहे पण असलं काही वर्गात बोलली तर मुलं हसतील, आणि पोरींच्या डोक्यात आलं घर सोडायचं तर उद्या आपल्यालाच निस्तरावं लागेल. त्यांची काळजी खोटी नव्हती. पण मी त्या दिवशी गप्प राहिली, कारण त्या शाळेची ऑर्डर माझ्याकडे आहे. ते मला रोज टोचून राहिलं आहे आणि हे पत्र त्याच्यासाठीच आहे.

मला पाळी आली तेव्हा मला कोणी सांगतलं नव्हतं. आईने एक जुनं लुगडं फाडून दिलं आणि म्हणाली देवाकडे जाऊ नको. मी दोन दिवस मागच्या खोलीत बसून होती आणि मला वाटलं मी कुठे पडली असेन, आत काहीतरी फाटलं. माझ्या मुलीला मी सांगतलं होतं, पण घाईघाईत, नजर चुकवून, जशी माझ्या आईला लाज वाटली तशीच मलापण वाटली. आणि आता ह्या गोष्टीच्या निमित्ताने ती माझ्यासमोर बसून, माझ्या डोळ्यात पाहून मला हे सगळं सांगून राहिली होती, पाळी हा शब्द तिने पाच-सहा वेळा घेतला, आवाज खाली न करता, तिचे बाबा बाहेरच्या खोलीत टीव्ही पाहून राहिले होते तरी. काका, ज्या पुस्तकाने हे झालं त्याच्यावर तुम्ही बंदी मागून राहिले आहात.

आणि वेश बदलायची गोष्ट आपल्याला काय नवीन आहे? आमचे मामा देसाईगंजकडचे, लहानपणी दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला गेलं की रात्रभर दंडार, म्हणजे गावचं नाटक, पाहायचो, बायांची कामं पुरुषच करायचे, लुगडं नेसून, टिकली लावून, आणि सासरी छळ झालेल्या सुनेचं काम करणारा माणूस असा रडायचा की समोरच्या बायका पदराने डोळे पुसायच्या. कोणी म्हटलं नाही की हा फसवते. बालगंधर्व नेसत तशी साडी नेसायची चाल आपल्या आज्या-पणज्यांमध्ये पडली होती. पुरुषाने बाईचं सोंग घेतलं तर कला, आणि गोष्टीतल्या पोरीने पँट घातली तर शाळेने लक्ष ठेवायचं, हे कसं काय?

महाभारत तर घराघरात आहे. द्रुपदाला मुलगी होते, शिखंडिनी, तो तिला मुलगा म्हणून वाढवते, धनुर्विद्या शिकवते, हिरण्यवर्मा राजाच्या मुलीशी लग्नसुद्धा लावून देते. मग बिंग फुटते, सासरा सैन्य घेऊन येते, पोरगी जीव द्यायला जंगलात जाते, तिथे स्थूणाकर्ण नावाचा यक्ष तिला आपलं पुरुषपण देते. ही कथा उद्योगपर्वात आहे आणि सांगते कोण, तर खुद्द भीष्म, दुर्योधनाला. जादू आहे, यक्ष आहे, वेश बदलला आहे, बापाने जगाला फसवलं आहे. मी आधी म्हणत होती की अलाना म्हणजे परदेशी गोष्ट, मग मुलीनेच मला म्हटलं की आई ही तर आपलीच, फक्त आपल्या गोष्टीत तिच्या मनात काय चाललं होतं ते कोणी विचारलं नाही. हे तिचं म्हणणं मला पटलं. शिखंडिनीच्या बाबतीत बाप ठरवते, नवस ठरवते, मागच्या जन्मीचं वैर ठरवते. अलाना स्वतः ठरवते.

झाशी राणी चौकातला पुतळा आपण रोज पाहतो, पाठीला बाळ, हातात तलवार. त्या राणीवर जिची हिंदी कविता आपण शाळेत पाठ केली त्या सुभद्राकुमारी चौहान १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात इथेच नागपुरात पकडल्या गेल्या होत्या. राणीचं कौतुक करायचं तरी आपण तिला मर्दानी म्हणतो. अलानाच्या तिसऱ्या भागाचं नावच आहे, पुरुषासारखी घोड्यावर बसणारी बाई. तिला तसं म्हणतात लोक. बाईसारखी घोड्यावर बसते असं का नाही म्हणत, बाईच बसली आहे ना त्याच्यावर.

पुस्तकात सगळंच मला आवडलं असं नाही, तेपण सांगते. ड्यूक रॉजर नावाचा जो खलनायक आहे तो पहिल्या दिवसापासून ओळखू येते, मी मुलीला म्हटलं हाच असेल बघ आणि तोच निघाला. तिसऱ्या भागात वाळवंटातले कबिले आहेत ते बाहेरच्या माणसाने लांबून पाहिल्यासारखे वाटतात, तिथले लोक अलानाने येऊन शिकवायची वाट पाहत बसले होते की काय असं वाटते. आणि पुढच्या भागांमध्ये प्रेमाबिमाचं जे आहे ते आठवी-नववीच्या वरच्यांनी वाचावं असं माझं मत आहे, तिथे मॅडमचं आणि माझं जमेल. दुसऱ्या भागाचा शेवट मात्र सांगावासाच वाटते, ज्यांना वाचायचं आहे त्यांनी पुढची दोन वाक्यं सोडून द्या. भर दरबारात रॉजरशी तलवारीची लढाई होते, त्यात त्याच्या तलवारीने तिच्या छातीवरची ती बांधलेली पट्टी फाटते आणि सगळ्यांना कळते की हा सरदार मुलगी आहे. आणि ती तशीच लढत राहते. आमच्या घरी त्या रात्री साडेबारा वाजले होते आणि माझे आठ शर्ट बाकी होते, पण आम्ही दोघी नुसत्याच बसून राहिलो.

मुलीने मोबाइलवर लेखिकेबद्दल पण वाचलं. ही टॅमोरा पिअर्स तेव्हा मुलींच्या एका आश्रयगृहात काम करत होती, घरापासून लांब राहणाऱ्या, अडचणीतून आलेल्या मुली. तिने ही कादंबरी आधी मोठ्यांसाठी लिहिली होती, त्या मुलींना तशी वाचायला देता येईना, म्हणून ती त्यांना तोंडी सांगायची, मोठ्यांचं ते गाळून. त्यातूनच पुढे मुलांसाठीचे चार भाग झाले. म्हणजे ही गोष्ट पहिल्यांदा मुलींनी ऐकलीच मुळी, वाचली नाही. आमच्यासारखीच.

काकांना आणखी एक सांगायचं आहे. ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या एनडीएमधून १७ मुली पास होऊन बाहेर पडल्या, मुलींची पहिली तुकडी. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये दार उघडायला लावलं आणि २०२२ मध्ये त्या आत गेल्या, स्वतःच्या नावाने, कागदावर मुलगी लिहून. त्याच्या आधी सत्तरच्या आसपास वर्षं तिथे फक्त मुलगे जात होते. ह्या मुलींना ॲलन व्हावं लागलं नाही. सैनिकी शाळांमध्ये पण आता मुली घेतात, आपल्या चंद्रपूरला आहे ना शाळा. नियम बदलला की सोंगाची गरज संपते, म्हणून घरातून पळून जायची भीती वाटत असेल तर पुस्तक उचलून ठेवण्यापेक्षा पोरगी कशासाठी पळेल ते एकदा बसून विचारा.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे असली पुस्तकं मराठीत आणा. मी तीन दुकानांत जाऊन विचारलं, तिन्हीकडे म्हणाले मराठीत नाही, आणि मराठी मुलांचं काही दाखवा म्हटलं की इसापनीती, बिरबल आणि थोरांची चरित्रं. इंग्रजी शाळेतल्या पोरीला ड्रॅगन आणि तलवार आणि मराठी शाळेतल्या पोरीला बोधकथा, असं का? माझी मुलगी सेमी-इंग्लिशमध्ये आहे म्हणून तिला जमलं. तिच्या चार मैत्रिणी रोज दुपारी माझ्याकडे येऊन बसतात, त्यातल्या दोघींना ते इंग्रजी जड जाते, त्यांना माझी मुलगी सांगते तेवढंच.

आणि दुसरं, आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांनी आपली लिहावी. विदर्भ साहित्य संघ १९२३ मध्ये अमरावतीला सुरू झाला, आता आपल्या गावात आहे, शंभर वर्षं होऊन गेली, एवढे कवी-लेखक तिथे येतात जातात, त्यातल्या एकाने तरी चौदा वर्षांच्या पोरीसाठी एक जाडजूड अद्भुत कादंबरी लिहावी. आमचे आजोबा नाथमाधवांची अद्भुत कादंबरी वीरधवल कंदिलाच्या उजेडात वाचायचे असं सांगायचे, म्हणजे मराठीला हे येत नव्हतं असं नाही. जागेची काय कमी आहे? गोंडराजा बख्त बुलंदशाहाने १७०२ मध्ये वसवलेलं हे गाव, तिकडे देवगड, इकडे नगरधनचा किल्ला, रामटेकचा डोंगर, पेंचचं जंगल, चांद्याचा म्हणजे चंद्रपूरचा परकोट आणि तिथली गोंड राणी हिराई. त्या परकोटाच्या दारातून एखादी पोट्टी भावाचे कपडे घालून आत शिरली असं कोणी लिहिलं तर मी पहिल्या दिवशी विकत घेईन, आणि कोणाला त्या काळचे कपडे कसे शिवायचे हे विचारायचं असेल तर मी सांगायला तयार आहे. फक्त तिला आपल्यासारखं बोलू द्या, काहून म्हणू द्या, होय बे म्हणू द्या.

मुलीने आता चौथा भाग सुरू केला आहे, पुण्याच्या मावसबहिणीने पाठवला. रात्री काजं करायला मैत्रिणींपैकी दोघी थांबतात, त्यांना मी तुरपाई शिकवून राहिली आहे, आणि ऐकताना हात चालत राहिले पाहिजेत अशी अट आहे.

साहेब, पत्र फार लांबलं ह्याची कल्पना आहे. जागा नसेल तर तान्ह्या पोळ्याचं कापा, पुतळ्याचं कापा, खिशांचं कापलं तरी चालेल. जॉर्जच्या आईचा तेवढा प्रसंग कापू नका. तो एकदा लाल पेनाने कापून झाला आहे.

आपली,
युनिफॉर्म शिवणारी एक आई
नंदनवन, नागपूर